बाईसाहेबांची कात

९ फेब्रुवारी

ताई,

पत्र लिहायचं टाळत होते हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ते शोधून काढल्याचं समाधान तुला मिळणार नाही. दोनदा बसले होते. पहिल्यांदा पेन चालेना म्हणून नवं आणायला गेले, तर वाटेत एक माणूस शिडीवर चढून चौकातल्या घड्याळाचे काटे पुसत होता. ते बघत बसले. दुसऱ्यांदा काय झालं ते आठवत नाही, म्हणजे काहीच झालं नसणार. आणि फोन मी मुद्दामच करत नाही. फोनवर आपण चहा निवायच्या आत भांडतो, आणि भांडण रंगात आलं की नेमकं तुझं गिऱ्हाईक येतं.

बातमी अशी की मला नोकरी लागली. हसू नकोस. बर्फाच्या कारखान्यातली नव्हे, तिथून मला काढलं. (काढलं म्हणजे मीच जायची थांबले, पण त्यांनीही बोलावलं नाही.) ही चांगली आहे. शहराच्या टोकाला एक कीटकघर आहे. काचेच्या पेट्यांमधून विंचू, गोमी, काडीसारखे दिसणारे किडे, आणि एक अख्खी खोली नुसत्या कोळ्यांची. शाळांच्या सहली येतात. पोरं किंचाळतात आणि मास्तर त्यांच्याहून जोरात. घरमालकिणीला सांगितलं की मी कोळ्यांकडे कामाला लागले, तर म्हणाली, "मग येताना मासे आण की गं कधीतरी!"

मुलाखत मोठ्या बाईंनी घेतली. त्या इथल्या प्रमुख. शिक्षण विचारलं. म्हटलं, शाळा तीन, पूर्ण एकही नाही. मग म्हणाल्या, टॅरंटुलाला, त्या थोराड केसाळ कोळ्याला, भितेस का? मी म्हटलं, आमच्या घरी आहे एक, लालगुडघी, माझ्याहून वयाने मोठी. त्यांनी चष्माच काढला. मग मी सुटलेच. सांगितलं की बाबांनी ती माझ्या जन्माआधी आणली होती. आई गेली आणि वर्षाच्या आत बाबाही कुठे निघून गेले ते गेलेच. मागे उरलं चाव्यांचं दुकान, किल्ल्या घासणारी तू, अजून दुधाचे दात असलेली मी, आणि बाईसाहेब. मी चेंडू मारून पेटीचा कोपरा तडकवला होता आणि तू त्याला चिकटपट्टी लावून दिलीस, तेही सांगितलं. नोकरी बहुतेक त्या कोपऱ्यानेच मिळवून दिली.

ताई, आपण तिला इतकी वर्षं सांभाळलं, पण आपल्याला तिचं काहीच माहीत नव्हतं. ही जात दूरच्या कोरड्या, काटेरी डोंगरउतारावरची. दगडाखाली नाहीतर झाडाच्या मुळाशी बीळ करते आणि जन्मभर त्याच बिळाशी राहते. दिवस मावळला की दारात येऊन बसते, पाय बाहेर टेकवून. डोळ्यांनी तिला धड दिसत नाही, जमिनीची थरथर पायांना कळते. रातकिडा चालत गेला तर कळतं, माणूस चालत आला तर तेही कळतं. म्हणजे मी शाळा बुडवून मागच्या दाराने यायचे ते तुझ्याआधी तिला कळत असणार. मादी पंचवीस-तीस वर्षंही जगते. अजून बरीच वर्षं आहे ती!

आता मुद्दा. खोली घेतलीय, लाँड्रीच्या वर. खाली दिवसभर इस्त्र्या चालतात, त्यामुळे माझी फरशी कायम कोमट असते. पाय ठेवला आणि पहिला विचार आला तो बाईसाहेबांचा. पुढच्या महिन्यात तिला न्यायला येते. दोन वर्षं तुझ्या गळ्यात टाकून हिंडले. माझं म्हणावं असं घरात तेवढं एकच आहे (तू सोडून, पण तुला पेटीत घालता येत नाही).

तुझी
भिंगरी


२० फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र पोचलं. शाळा तीन नाहीत, चार. चौथीतून तू दुपारच्या सुट्टीत परत आलीस म्हणून ती धरत नसशील.

नोकरी लागली ते ऐकून बरं वाटलं. टिकव. टिकवणं म्हणजे दुसऱ्या दिवशीही जाणं.

न्यायला आत्ता येऊ नकोस. तिने नुकतीच कात टाकली आहे. कात टाकल्यावर हलवायचं नाही हे तूच मला बजावायचीस. यंदाही नेमाप्रमाणे पेटीवर चादर टाकली आणि दोन दिवसांनी काढली, तर कात एका बाजूला आणि ती दुसऱ्या बाजूला. पण तब्येत वेगळीच दिसते. अंग उतरलंय, पाय लांब वाटतात. कुंडीच्या खापरात बसतच नाही. दिवसभर काचेच्या कडेकडेने चालते. खिडकीवर किल्ली करायला आलेली माणसं विचारतात, काय हरवलंय हिचं? रातकिडे टाकले तर त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. पुढच्या पायांना आतून एकेक आकडा आलाय, किल्लीला दात काढावा तसा. आणि तोंडापाशी ते दोन छोटे पाय असतात ना, त्यांची टोकं हातमोजे घातल्यासारखी फुगली आहेत. म्हातारपण असेल. मलाही हल्ली बोटं सुजल्यासारखी वाटतात.

तिला बरं वाटू दे, मग बघू. तुझा जीव इकडे लागून राहू नये म्हणून कात पाठवते आहे. बिस्किटाच्या डब्यात कापसात ठेवली आहे, सावकाश उघड. लहानपणी तुला कातीचं केवढं वेड. उशाखाली ठेवायचीस, आणि सकाळी चादर झटकताना माझी किंकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जायची. तुझ्या त्या मोठ्या बाईंना दाखव. म्हणावं, बघा आमच्या घरची.

जेवत जा.

ताई


३ मार्च

ताई,

दाखवली. मोठ्या बाईंना, ढापण्याला (हा माझ्याबरोबर पेट्या साफ करतो, भिंगासारखा चष्मा), आणि तिकीट फाडणाऱ्या काकांनासुद्धा. डबा टेबलावर ठेवला, कापूस बाजूला केला आणि म्हटलं, या आमच्या बाईसाहेब, यांचा मान ठेवा. असा रुबाब मी जन्मात केला नव्हता.

मोठ्या बाई खूश झाल्या. म्हणाल्या, इतक्या जुन्या मादीची कात, वा! त्यांनी ती साबणाच्या पाण्यात घालून मऊ केली. मग चिमट्याने पोटाची घडी हळूच उलगडली आणि भिंगाखाली धरली. बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, कौतुकाने बघतायत.

"तू म्हणालीस मादी?"

"बाईसाहेब आहेत त्या."

"मादी असती तर इथे आत छोटा खिसा दिसला असता. नराचं बीज साठवायचा. इथे काही नाही. हा बाप्या आहे."

ढापण्या म्हणाला, "बाईसाहेबांना दाढीचं सामान पाठवूया." सगळे हसले. ताई, मीही हसले. मग खिशातून तुझं पत्र काढून वाचून दाखवलं, कारण मला वाटलं पत्र ऐकल्यावर त्यांना कळेल की त्या चुकतायत. वजन उतरलं, पाय लांबले, खात नाही, कडेकडेने चालते, पुढच्या पायांना आकडे, हातमोजे. वाचता वाचता हसणं बंद झालं. मोठ्या बाईंनी पत्र माझ्या हातून घेऊन घडी घालून परत दिलं.

त्यांनी सांगितलं ते तुलाही सांगते, ऐक. नराचं असंच असतं. काही वर्षं तो मादीसारखाच बिळात बसतो, ओळखूही येत नाही. मग शेवटची कात टाकतो. त्यातून तो लांब पायांचा, सडपातळ, आकडेवाला होऊन बाहेर पडतो. ते आकडे मादीचे सुळे अडवून धरायला, नाहीतर ती त्यालाच खायची. आणि त्या दिवसापासून त्याला घर म्हणून राहत नाही. खाणंपिणं सुटतं आणि नुसता चालतो, कुठेतरी मादी सापडेल म्हणून. वर्षभरात, फार तर थोडं पुढे, चालता चालताच संपतो. बाई म्हणाल्या, "मादी घर धरते, बाप्या रस्ता धरतो." आणि शेवटची कात म्हणजे शेवटचीच. त्यानंतर नर पुन्हा कात टाकत नाही.

आता मला सांग. बाईसाहेबांनी माझ्या डोळ्यांदेखत किती काती टाकल्या? सगळ्या तिच्या मोठेपणीच्या. माझ्या उशाखाली होत्या. नर एवढं जगतच नाही. म्हणजे तुझ्या खिडकीत चालतोय तो दुसराच कुणी आहे. तरणाताठा, कुठल्यातरी दुकानातून आणलेला.

अख्ख्या गावाला डुप्लिकेट किल्ल्या करून देतेस, मलाही एक करून दिलीस?

बाईसाहेब कुठे आहे?

भिंगरी


१० मार्च

भिंगरे,

तुझ्यापासून काही लपत नाही असं आता म्हणावं लागेल. लहानपणी सगळं लपायचं.

ती गेली. मागच्या हिवाळ्यात. सकाळी दुकानाची खिडकी उघडण्याआधी पाहिलं तर उताणी पडलेली, आठही पाय वर. काचेवर टकटक केलं, हलली नाही. दुपारपर्यंत वाट पाहिली. मग तुझ्या जुन्या रुमालात गुंडाळून मागच्या अंगणात नळाजवळच्या झाडाखाली पुरली. तुला कळवायची हिंमत झाली नाही. तू कुठे, कशी आहेस ते तेव्हा माहीत नव्हतं, आणि तुझा काही भरवसाही नाही, कधीही दार वाजवशील. म्हणून तसाच एक आणला. दुकानदार म्हणाला, रंग तोच, जात तीच. नर की मादी हे मी विचारलं नाही. किल्लीत नर-मादी नसते.

तुला वाईट वाटू नये एवढंच मनात होतं. आता रागव, पण जेवण सोडू नकोस.

ताई


१४ मार्च

ताई,

उताणी होती?

पुन्हा विचारते. उताणी होती, आणि पाय वर?

ताई, मरणारा कोळी उताणा पडत नाही. तो असतो तिथेच बसतो आणि त्याचे पाय पोटाखाली आखडत जातात, मूठ मिटावी तसे. उताणी ती कात टाकताना होते. पाठीवर निजते आणि तासन्‌तास हलत नाही. टकटक केलं तरी हलत नाही, कारण तेव्हा तिला हलताच येत नाही. जुन्या पायांतून नवे पाय ओढून काढायचे असतात. नवी कातडी ओल्या कागदासारखी असते.

बाबांचा तो चादरीचा नेम. कात टाकायची वेळ आली की पेटीवर चादर, दोन दिवस कुणी डोकवायचं नाही. तू नेम पाळलास. मी नाही पाळला. मी प्रत्येक वेळी चादरीचं टोक उचलून पाहिलं. म्हणून मला माहीत आहे आणि तुला नाही.

तू तिला जिवंत पुरलंस.

मी काल कामावर उताण्या पडलेल्या एका कोळ्याच्या पेटीसमोर सबंध दुपार उभी होते. पाय एकेक करून बाहेर येत होते. ढापण्याने माझ्या वाटच्या पेट्याही पुसल्या. रुमाल कुठला होता? निळ्या काठाचा? त्यातून तिला वाट काढता आली असेल का? बिळात राहणारा जीव आहे, माती उकरता येते तिला. पण कात टाकताना नाही.

तुला माहीत नव्हतं. तू मुद्दाम केलं नाहीस. हे मी स्वतःला सारखं सांगते आहे आणि ते मला पुरत नाही.

मी सध्या लिहिणार नाही.


१८ मार्च

भिंगरे,

हे पत्र मिळाल्या मिळाल्या वाच. बाजूला ठेवू नकोस.

ती जिवंत आहे. मी तिला पुरलं नाही. झाडाखाली काहीच नाही. उताणी, पाय वर, हे मी मनाने रचलं. मेलेलं झुरळ तसंच पडलेलं पाहिलं आहे, म्हणून तेच लिहिलं. तुला थोडक्यात सोडवायला गेले आणि भलतंच घेऊन बसले. तुझं पत्र वाचलं तेव्हा मशीनवर किल्ली लावलेली होती, ती मी आरपार कापली.

आता खरं सांगते. एकदाच सांगेन.

तू गेलीस त्याच वर्षी, थंडी पडायच्या सुमारास, खिडकीवर एक म्हातारा आला. वर न बघता किल्ली पुढे केली आणि म्हणाला, हिची एक करून द्या. मी किल्ली हातात घेतली आणि आधी किल्ली ओळखली, मग माणूस. आपल्या पुढच्या दाराची होती. इतकी वर्षं त्याने ती खिशात वागवली, आणि आता माझ्याकडूनच तिची दुसरी करून मागत होता. बहुतेक विनोद होता त्याचा. तसे विनोद तूही करतेस.

आत येऊ का, असं विचारलं नाही. "धाकटी कुठे आहे?" म्हणाला. मी म्हटलं, इथे राहत नाही. हसला. म्हणाला, "मग माझ्यावरच गेली. शोधतो तिला. थोडे दिवस उरलेत, तिच्याबरोबर हिंडतो."

भिंगरे, तुझ्या गोवरात उशाशी मी बसले होते. तुझ्या चारही शाळांत मी हेडबाईंसमोर उभी राहिले होते. आणि हा दोन गोष्टी सांगणार, तू त्याच्यासारखंच मान मागे टाकून हसणार, आणि दोघं मिळून कुठल्यातरी रस्त्याला लागणार. मी खिडकीत. मला ते बघवलं नसतं.

मी म्हटलं, तिच्या वाटेला जाऊ नका. त्याने विचारलं, बदल्यात काय देतेस? हेही विनोदाने असेल. मी आत गेले आणि पेटी आणून खिडकीत ठेवली. म्हटलं, हिला न्या. ही आणि धाकटी, दोघींपैकी एकच तुमची. त्याने पेटीकडे खूप वेळ पाहिलं. बाईसाहेब खापरातून बाहेर आली आणि काचेला पाय लावून उभी राहिली. मग त्याने पेटी उचलली. किल्ली माझ्याकडेच राहिली, फळीवर टांगली आहे.

पुढच्या आठवड्यात मी दुसरा कोळी आणला. नव्या पेटीचा कोपरा हातोडीने तडकवला आणि त्याला चिकटपट्टी लावली. नक्कल करायची तर पुरती करायची, हे त्यानेच मला शिकवलं होतं.

तो दिवसभराच्या अंतरावर, धरणाजवळच्या एका विश्रामगृहात राखणदार आहे. ती कात टाकते तेव्हा दोन ओळी येतात. शब्द त्याने पाळला आहे. तू म्हणालीस तर त्याला कळवते की शब्द सुटला, आणि तुझा पत्ता देते.

मला ओरड. पण 'जिवंत पुरलंस' असं पुन्हा लिहू नकोस.

ताई


१२ एप्रिल

ताई,

तुझ्या पत्रालाही उत्तर द्यायचं टाळलं, पण या खेपेला पेनाचा दोष नाही. चौकातलं घड्याळही स्वच्छ झालंय.

ती जिवंत आहे हे वाचून मी आधी रडले. ते आनंदाचं होतं. तेवढं तुझ्या नावावर मांडून ठेव, कारण पुढचं वेगळं आहे.

म्हातारा विचारतो, धाकटी कुठे. आणि माझ्या वतीने उत्तर तू देतेस. मी काय कुलूप आहे, तुझ्या दुकानात दुरुस्तीला आलेलं? मला एकदा विचारलं असतंस तर कदाचित मी म्हटलं असतं, नको तो माणूस, तू आहेस तेवढं बास. खरंच म्हटलं असतं. पण ते म्हणायला तू मला जागाच ठेवली नाहीस. तुझा माझ्यावर भरवसा नव्हता हे मला पहिल्यांदा कळलं, आणि तेही एका कोळ्याच्या कातीवरून. म्हणे, तुझा काही भरवसा नाही. मी दोन वर्षं कुठेही असले, पुलाखालच्या त्या गळक्या खोलीत, बर्फाच्या कारखान्यात बोटं निळी करून, तेव्हा एकच मनात धरून असायचे की घरी खिडकीत ताई आहे आणि खापरात बाईसाहेब आहे, दोघी हलणार नाहीत. आणि त्या खिडकीत तू बनावट कोळ्याला पाणी घालत होतीस.

आणि त्या म्हाताऱ्याचं तरी काय? सांगून ठेवते, तुझ्याहून जास्त राग त्याचा आला. तू सौदा मांडलास, पण त्याने उचलला ना! पोरगी की कोळी, असं म्हटल्यावर तो पेटी काखेला मारून चालू लागला. एकदा तरी म्हणायचं होतं की ठेव तुझी पेटी. पत्र पाठवायला कुणाची आडकाठी होती? शब्द पाळला म्हणे. मला सोडून जाताना कुठला शब्द पाळला होता?

ढापण्या म्हणतो, कुणास ठाऊक, म्हाताऱ्याला वाटलं असेल की पोरीचं म्हणून एवढंच हाती लागतंय, तर तेच घ्यावं. ढापण्याला सगळ्यांचं बरंच दिसतं, चष्म्याचा नंबर तसा आहे.

मागच्या आठवड्यात इथे नर-मादीची भेट घातली. मी पहिल्यांदाच पाहिली. नराला पेटीत सोडला तर तो लगेच पुढे गेला नाही. बिळापासून लांब थांबला आणि पुढच्या छोट्या पायांनी जमिनीवर ताशा वाजवायला लागला. अगदी बारीक, कान दिला तर ऐकू येईल न येईल. वाजवायचा, थांबायचा. मोठ्या बाई म्हणाल्या, आत कोण आहे, येऊ का, असं विचारतोय. आतून उत्तर आलं तर पुढे व्हायचं. नाही आलं आणि तरी गेला, तर गेलाच. बराच वेळ काही नाही. मग आतून एक ठोका आला. मला तुमच्यापैकी एकाचीही आठवण यायला नको होती, पण आली. तो तुझ्या खिडकीशी येऊन वाजवत होता. आणि ठोका द्यायचा होता तो मी.

मी तुला पत्ता दे म्हटलं नाही, नको असंही म्हटलं नाही. तरी तू देणारच हे धरून रोज कामावर इथल्या माडीवरून फाटकाकडे बघते. पेटी घेतलेला एखादा म्हातारा दिसतो का ते. आला तर काय करीन ठरवलेलं नाही. पेटी घेईन एवढं नक्की. त्याला पाणी विचारीन. पुढचं पुढे.

तुझ्याविषयी मात्र ठरवलंय. तू लिहू नकोस. मीही लिहिणार नाही, हे शेवटचं. किल्ली कुरिअरने परत पाठवते आहे, माझ्या खिशातली, घराची. फळीवर त्याच्या किल्लीशेजारी टांग. एक आकडा रिकामा असेल.

तुझ्याकडच्या त्या नराचा यात काही दोष नाही. त्याला बिचाऱ्याला कुणी सांगितलंही नाही की तो बाईसाहेब आहे. पाण्याची वाटी भरत जा. फार दिवस नसतात त्यांना. खाल्लं नाही तर जबरदस्ती करू नकोस आणि चालू दे त्याला, काचेवर टकटक

थांब. ढापण्या जिन्याखालून हाका मारतोय. फाटकाशी कुणीतरी आलंय म्हणतो, काचेची पेटी घेऊन, माझं नाव विचारत. माझं खरं नाव नाही, 'भिंगरी आहे का' असं. त्याला हसू येतंय. 

आला वाटतं म्हातारा.

खिडकीतून बघितलं. म्हातारा नाही.

ताई, तू?

तू, कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडेही न जाणारी. दुकानाची खिडकी कुणी लावली? कसल्या गाडीने आलीस? तुला गाडीत उलटी होते. पदर खोचलाय आणि पेटी दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरली आहेस, नेहमीसारखी, जणू आतून हात बाहेर येईल. तिकीटवाले काका खुर्ची देतायत आणि तू नको म्हणतेस. इकडे वर बघत नाहीयेस. कुठल्या खिडकीत बघायचं ते तुला माहीत नाही.

कोपऱ्याला चिकटपट्टी दिसते आहे. पण चिकटपट्टीवरून मी आता काय समजायचं? तू दोन्ही पेट्यांचे कोपरे तडकवून ठेवलेस. धरणापर्यंत जाऊन आलीस की नुसती घरून आलीस? त्याने दिली की तो आता नाही म्हणून मिळाली? की माझ्याकडे यायला काहीतरी हवं म्हणून त्या नरालाच उचलून आणलंस? इथून काही कळत नाही. पूर्वी तुझ्याकडे नुसतं बघून कळायचं.

मी खाली येते. ये म्हणणार नाही आणि जा म्हणणार नाही. हे पत्र टपालात टाकत नाही, हातात देते. तिथेच फाटकाशी उभी राहून वाचायचं, पहिल्या ओळीपासून. मध्ये बोलायचं नाही.

वाचून होईपर्यंत पेटी मी धरते. आतला जीव कडेकडेने चालत राहिला तर तो. बसून राहिला तर ती.